आपलीच माणसं आपली माहिती बाहेर टाकतात तेव्हा…

आरस्पानी

नमस्कार. प्रायव्हसी सेटिंग कशी लावावी यावर लेख भरपूर सापडतात. मला त्याच्या पुढचं विचारायचंय. माझं खातं बंदिस्त आहे, पासवर्ड पक्का आहे, अनोळखी विनंत्या मी घेत नाही. तरीही माझ्याबद्दल जे काही नको तिथे पोचलं, ते दरवेळी माझ्याच एखाद्या मित्रमैत्रिणीच्या हातून पोचलं. आणि त्यातल्या एकाचाही हेतू वाईट नव्हता.

परवाचंच सांगते. मी नोकरी बदलतेय. जुन्या ठिकाणी राजीनामा अजून द्यायचा होता, म्हणून अगदी मोजक्या लोकांना सांगितलं होतं. त्यातल्या एका मैत्रिणीने माझ्या जुन्या फोटोखाली लिहिलं, 'नव्या कंपनीत कधीपासून? पार्टी हवी!' तो फोटो ऑफिसातल्या निम्म्या लोकांना दिसतो. कॉमेंट मी लगेच उडवली, पण तोवर शेजारच्या टेबलवरून 'अभिनंदन, कुठे?' असं विचारून झालं होतं. मैत्रिणीला फोन केला तर तिलाच लागलं. 'मी कौतुकच केलं ना गं?' म्हणाली.

२०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण उघड झालं तेव्हाही मूळ गोष्ट हीच होती. तिच्याकडे माहिती गेली ती फेसबुकवरच्या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या एका ॲपमधून. ते स्वतःहून घेणारे सुमारे २ लाख ७० हजार लोक. पण त्या काळी ॲपला मित्रांची माहितीही मिळायची, त्यामुळे माहिती गेली ती, फेसबुकच्याच अंदाजानुसार, ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. म्हणजे बहुतेकांनी काहीही केलं नव्हतं. त्यांच्या मित्राने एक बटण दाबलं होतं, बस्स. ती दारं कंपनीने पुढे बंद केली. पण माणसामाणसांतलं दार उघडंच आहे, आणि ते कुठल्याही सेटिंगने बंद होत नाही.

म्हणून मला वाटतं की खासगीपणा जपायचा तर आधी मित्रांशी बोलायला हवं, सेटिंग नंतर. पण हे बोलायचं कसं? समोरच्याला अविश्वास न वाटता? आणि ज्यांच्याशी असं बोलण्याइतकी जवळीकच नाही, पण जे यादीत आहेत, त्यांचं काय करायचं? तुमचे अनुभव लिहा.

उंबरठा

चांगला विषय. वाचतोय.

दुर्बीण

धागाकर्तीच्या मुद्द्याला पुष्टी देणारी, पण सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट: फोनमधली संपर्कांची यादी.

नवं ॲप घेतलं की ते विचारतं, 'तुमचे मित्र शोधू का?' आपण हो म्हणतो आणि फोनमधले सगळे नंबर त्यांच्या सर्व्हरवर जातात. त्यात डॉक्टर असतात, जुने घरमालक असतात, ज्यांनी कधी कुठेच खातं उघडलं नाही अशी माणसंही असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. नंबर त्यांचा, परवानगी आपली.

याचं टोक एप्रिल २०२१ मध्ये दिसलं. ५३ कोटींहून जास्त फेसबुक खात्यांचे फोन नंबर, नावं आणि इतर तपशील इंटरनेटवर फुकट फिरत होते. कंपनीचं म्हणणं असं की ही पारंपरिक हॅकिंगची घटना नव्हती. संपर्क शोधून देण्याची जी सोय होती तिच्यातच नंबरांचे ढीग ओतून, कुठला नंबर कुणाचा हे सप्टेंबर २०१९ च्या आधी कुणीतरी गोळा केलं होतं. मित्र शोधण्यासाठी ठेवलेलं दार अनोळखी लोकांनी वापरलं.

करण्यासारखं आहे ते असं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला संपर्क वाचायची परवानगी आहे ते बघा आणि ज्यांना गरज नाही त्यांची काढा. आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून सगळी यादी न देता निवडक संपर्कच देता येतात. आधी चढवलेली यादी फेसबुकवरून पुसताही येते, पण ती सोय सेटिंगमध्ये खोल दडलेली आहे. 'अपलोड' किंवा 'कॉन्टॅक्ट' असं सेटिंगच्या शोधात टाकून बघा. 'फोन नंबरवरून मला कोण शोधू शकतं' हे 'ओन्ली मी' करून टाका.

कोरी_पाटी

दुर्बीण, उत्तम माहिती.

मित्रयादीबद्दल. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडलेला आकडा बहुतेकांनी ऐकला असेल: माणूस साधारण १५० जणांशीच खरी ओळख टिकवू शकतो. त्याच्या आतही थर असतात, अगदी जिवाभावाचे ५, मग १५, मग ५०. आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहेत, ते असोत. मला त्यातले थर महत्त्वाचे वाटतात. आपण प्रत्यक्षात कधीच सगळ्यांना सगळं सांगत नाही. सोशल मीडियाने मात्र बॉस, मावशी, शाळेतली मैत्रीण आणि प्रवासात भेटलेला माणूस या सगळ्यांना 'फ्रेंड' हे एकच लेबल लावलं आणि एकाच खोलीत बसवलं.

हे थर परत आणायची साधनं आहेत, वापरणारे फार कमी. फेसबुकवर याद्या करता येतात. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून 'क्लोज फ्रेंड्स' आहे. व्हॉट्सॲपवर स्टेटस 'अमुक सोडून बाकीच्यांना' किंवा 'फक्त अमुक जणांना' असं ठेवता येतं. मी यादी करताना एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट मी या माणसाला फोन करून सांगितली असती का? उत्तर नाही आलं तर तो त्या यादीत नाही.

सांजवात

याद्यांचा खटाटोप मला जमत नाही. मी सरळ माणसं कमी केली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं एक शब्द झाला नव्हता त्यांना काढलं. कुणी विचारलं तर सांगते की यादी लहान केलीय, राग नाही. विचारलं फारच थोड्यांनी.

पण नात्यातल्यांचं काय? भाच्याच्या सासूबाईंची विनंती आली तर नाही कसं म्हणायचं? लग्नकार्यात समोर उभ्या राहणार.

कोरी_पाटी

सांजवात ताई, त्यासाठी फेसबुकवर 'रिस्ट्रिक्टेड' यादी आहे. विनंती स्वीकारायची आणि त्यांना त्या यादीत टाकायचं. त्या तुमच्या मित्रयादीत राहतात, पण त्यांना तुमच्या फक्त सार्वजनिक पोस्ट दिसतात, किंवा ज्यात तुम्ही त्यांना टॅग केलंय त्या. तसं केल्याचं त्यांना कळवलं जात नाही.

इन्स्टाग्रामवरचं 'रिस्ट्रिक्ट' वेगळं आहे, गल्लत करू नका. ते मुळात त्रास देणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये आलं. त्या माणसाच्या कॉमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाहीत, त्याचे मेसेज विनंत्यांमध्ये जातात आणि तुम्ही ते वाचले की नाही हे त्याला कळत नाही. पोस्ट मात्र त्याला दिसत राहतात.

उंबरठा

मला हे पटत नाही. स्पष्टच लिहितो, राग मानू नका.

वरकरणी मित्र म्हणून ठेवायचं आणि मागून काहीच दाखवायचं नाही, ही फसवणूकच झाली. माझ्या बाबतीत एका जवळच्या मित्राने हेच केलं होतं. त्याच्या आयुष्यात काही घडत नाहीये असं मला वाटायचं. एकदा दुसऱ्याच्या फोनवर त्याची भिंत बघितली तर सहलींचे फोटो, मुलीचं बक्षीस, सगळं होतं. त्याने मला काढून टाकलं असतं तर मी दुखावलो असतो, पण निदान मला कळलं असतं की आपण कुठे आहोत. त्यापेक्षा 'आपलं आता तितकं जमत नाही' असं सांगणं जास्त प्रामाणिक.

आरस्पानी

उंबरठा, रागाचा प्रश्नच नाही. तुमचं दुखणं मला समजतं, आणि जवळच्या मित्राच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ज्याच्याशी मैत्री खरी होती त्याला तोंडावर सांगावं, ते त्याचं देणं आहे.

पण भाच्याच्या सासूबाईंशी आपली मैत्री कधी नव्हतीच. त्यांच्यापासून काही काढून घेतलेलं नाही. त्यांच्याशी ओळख आहे, आदर आहे, आणि तो तेवढाच दाखवलाय. रोजच्या आयुष्यातही शेजारणीला आपण दारात उभं राहून पाच मिनिटं बोलतो, आतल्या खोलीत नेत नाही. त्यात ती फसवली जात नाही. मी रेघ इथे ओढते: ज्याला आपण आधी आत घेतलं होतं त्याला गुपचूप बाहेर काढू नये.

चांदणवेल

मुलांच्या फोटोंवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्यासाठी हा सगळ्यात नाजूक भाग आहे.

माझ्या नणंदेला माझ्या मुलीचं फार कौतुक. वाढदिवसाचा फोटो टाकायच्या त्यात केकवर नाव आणि वय, पोस्टवर तारीख. म्हणजे पूर्ण जन्मतारीख झाली. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या फोटोत गणवेशावरचं बोधचिन्ह. खाली कुणीतरी घरातलं लाडाचं नाव लिहिलेलं. एकेक फोटो निरागस आहे, पण सगळे एकत्र बघितले तर अनोळखी माणसाला माझ्या मुलीला तिच्या लाडक्या नावाने हाक मारता येईल आणि ती कुठल्या फाटकातून बाहेर पडते ते ठाऊक असेल. आणि या पोस्ट सार्वजनिक होत्या.

मी आधी यजमानांकडून निरोप पाठवायचा विचार करत होते. मग ठरवलं की बोलायचं तर आपणच. एके दिवशी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच फोनवर ते फोटो एकामागून एक दाखवले आणि म्हटलं, 'वन्सं, तुम्ही हे प्रेमाने टाकता ते मला माहीत आहे. पण हे बघा, ज्याला आपण ओळखत नाही त्याला यातून काय काय कळतं.' त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'हे कुणी मला दाखवलंच नव्हतं.' आता फोटो घरच्या ग्रुपवर येतात, बाहेर जात नाहीत. नुसतं 'टाकू नका' म्हटलं असतं तर वर्षभराचा अबोला झाला असता.

आणखी एक. मुलगी आता बारा वर्षांची आहे. तिच्या लहानपणीचा आंघोळीचा फोटो कुणीतरी आठवण म्हणून वर आणला तेव्हा ती म्हणाली, 'मला का नाही विचारलं?' आमच्या घरात तेव्हापासून तिचा फोटो तिला विचारल्याशिवाय कुठेही जात नाही. आजोबांनाही ती नाही म्हणू शकते, आणि म्हणते.

दुर्बीण

चांदणवेल, दाखवून सांगण्याची पद्धत फार आवडली. जन्मतारखेचा मुद्दा तर मोठ्यांनाही लागू आहे. फोनवरून ओळख पटवताना अजूनही कितीतरी ठिकाणी तीच विचारतात.

फोटोत काय दिसतं याची थोडी भर. मागे पडलेल्या कुरिअरच्या खोक्यावर पूर्ण पत्ता असतो. विमानाच्या बोर्डिंग पासवरचा बुकिंग क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर अनेक कंपन्यांच्या साइटवर तुमचं आरक्षण उघडतं. फोनने काढलेल्या फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असू शकतात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर ते गळून पडतात, पण तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. सहलीचे फोटो परत आल्यावर टाकावेत हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही.

टॅगबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण गैरसमज मोठा आहे. फेसबुकवर 'टॅग आधी मला दाखवा' हे चालू केलं की लोकांना वाटतं काम झालं. त्याने फक्त ती पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर येत नाही. टाकणाऱ्याच्या भिंतीवर ती असतेच, ज्यांना तो दाखवतो त्यांना दिसतेच. शिवाय तुम्ही 'फ्रेंड्स'साठी टाकलेल्या पोस्टमध्ये कुणाला टॅग केलंत तर एरवी ती त्याच्या मित्रांनाही दिसू लागते. आणि 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स' निवडणाऱ्यांनी जरा हिशोब करावा: तुमचे २०० मित्र, प्रत्येकाचे २००, सामाईक वजा केले तरी हजारो लोक. जुन्या पोस्ट अशा उघड्या राहिल्या असतील तर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' हा पर्याय एका फटक्यात सगळ्या फक्त मित्रांपुरत्या करतो. नंतर एकेक उघडता येते, सगळ्या एकदम नाही.

मोकळा_श्वास

थोडा वेगळा सूर लावतो. मी बरंच काही खुलेपणाने लिहितो, आणि ठरवून लिहितो. नैराश्याच्या काळात मी सार्वजनिक पोस्ट लिहिली होती. ज्यांना मी कधी भेटलोही नव्हतो अशा लोकांनी मेसेज केले, त्यातल्या एकाने त्याच्या समुपदेशकाशी गाठ घालून दिली. ती पोस्ट मी मोजक्या पाच जणांच्या यादीत ठेवली असती तर तो माणूस मला मिळालाच नसता. इतकं सगळं झाकायला लागलो तर माणसं जोडायची कशी?

पाणवठा

मोकळा_श्वास, तुम्ही लिहिलंत ते तुमचं होतं आणि तुम्ही स्वतः लिहिलंत. त्यात धाडस आहे. माझं उलट झालं, म्हणून सांगते.

गेल्या वर्षी माझ्या आजाराचं निदान झालं. घरच्यांनंतर एका मैत्रिणीला मेसेज करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ग्रुपवर माझं नाव, आजाराचं नाव आणि 'सगळ्यांनी प्रार्थना करा' असा तिचा मेसेज. खाली जोडलेल्या हातांची रांग. घरच्यांपैकी आईला मात्र मी अजून सांगितलेलं नव्हतं, आणि त्या ग्रुपमधल्या दोघींच्या आया माझ्या आईच्या मैत्रिणी. मला उपचारांचा विचार करायचा होता, त्याऐवजी आईला आधी कोण सांगणार या धास्तीने मी सकाळी सातला तिला फोन केला. जे समोर बसून, हात हातात घेऊन सांगायचं होतं ते घाईघाईत फोनवर सांगितलं. त्याचं दुःख मला आजाराइतकंच झालं.

व्हॉट्सॲपचे मेसेज एप्रिल २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, हे मला माहीत होतं. पण ते कुलूप वाटेवर आहे. मेसेज पोचल्यावर तो ज्याच्या हातात असतो त्याच्यावर सगळं. आपोआप नाहीसे होणारे मेसेज आले, एकदाच दिसणारे फोटो आले, त्यांचे स्क्रीनशॉट अडवायची सोयही आली. पण दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढता येतो आणि तोंडाने तर काहीही सांगता येतं.

ग्रुप सोडावा असं वाटलं. २०२२ पासून गाजावाजा न होता सोडता येतो, फक्त ॲडमिनला कळतं. सोडला नाही. मैत्रिणीला लिहिलं: 'तुला काळजी वाटली म्हणून तू लिहिलंस हे मला ठाऊक आहे. पण ही बातमी कुणाला, कधी सांगायची हे ठरवणं माझ्याकडे राहायला हवं होतं. आई अजून सावरलेली नाही. ग्रुपवरचा मेसेज काढ, आणि पुढे माझ्याबद्दल काही लिहायच्या आधी मला विचार.' तिने मेसेज काढला आणि घरी आली. आमची मैत्री टिकली आहे. आता मी महत्त्वाचं काही सांगताना पहिलं वाक्यच 'हे फक्त तुझ्यापाशी' असं लिहिते, बातमी नंतर. आधी लिहिलं की समोरचा ते तसंच वाचतो.

सांजवात

पाणवठा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. तब्येतीला जपा.

मोकळा_श्वास

पाणवठा, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या प्रतिसादात ही बाजू नव्हती. स्वतःबद्दल उघड लिहिणं आणि दुसऱ्याबद्दल लिहिणं यांना एकच नियम लावता येत नाही, हे मान्य.

आरस्पानी

पाणवठा, तुमचं ते पहिलं वाक्य मी आजपासून वापरणार. माझ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी तुमच्या आणि चांदणवेलच्या प्रतिसादात आहे: हेतूवर शंका घ्यायची नाही, परिणाम दाखवायचा, आणि शक्य असेल तिथे आधी सांगायचं. माझ्याकडून एवढीच भर, की आपणही विचारायची सवय लावावी. कुणाचं बाळ, साखरपुडा, आजार, बदली, घटस्फोट: ज्याची बातमी आहे त्याने स्वतः जिथे लिहिलीय तिथेच आणि तेवढंच बोलायचं. त्याने नुसता फोन केला असेल तर अभिनंदनही फोनवरच.

उंबरठा

एक व्यावहारिक शंका. माझ्या मेव्हण्याच्या नावाने, त्याचाच फोटो लावून कुणीतरी नवं खातं काढलं आणि आम्हा सगळ्यांकडे 'अडचणीत आहे, पैसे पाठव' असे मेसेज आले. त्याचं मूळ खातं हॅक झालेलं नव्हतं. हे थांबवता येतं का?

दुर्बीण

पूर्ण थांबवता येत नाही, अवघड करता येतं. नाव आणि फोटो कुणालाही मिळतो; ठगाला खरी गरज असते ती मित्रयादीची, म्हणजे कुणाकडे मागायचं ते कळतं. ती 'ओन्ली मी' करा. तरी सामाईक मित्र दिसतात, आणि तुमच्या मित्राने त्याची यादी उघडी ठेवली असेल तर तिच्यात तुम्ही दिसताच. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी मिळून बंद केली तरच उपयोग.

असं खातं दिसलं की एकट्या मेव्हण्याने नाही, ज्यांना ज्यांना मेसेज आला त्यांनीही 'दुसऱ्याच्या नावाचं खातं' म्हणून रिपोर्ट करा. पैशाचा मेसेज आला तर त्या मेसेजला उत्तर न देता आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा, आवाज ऐका, आणि दोघांनाच माहीत असेल असं काही विचारा.

सांजवात

शेवटचं विचारते. ज्यांना मी यादीतून काढलं त्यांच्याकडे माझे जुने फोटो, मेसेज राहिले असतील ना?

दुर्बीण

हो. अनफ्रेंड केल्याने पुढचं थांबतं, मागचं पुसलं जात नाही. त्यांनी टाकलेल्या फोटोंतले तुमचे टॅग तसेच राहतात; ते तुम्ही स्वतः काढू शकता, फोटो मात्र त्यांचाच राहतो. तो काढायला त्यांना सांगावं लागेल, आणि ऐकलं नाही तर रिपोर्ट करता येतो. जुने मेसेज त्यांच्या इनबॉक्समध्ये असतात. मेसेंजरवर जुना मेसेजही दोघांकडून मागे घेता येतो, पण एकेक करून. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण २ दिवस १२ तासांपर्यंतच चालतं. तेव्हा सांजवात ताई, ज्या दोन-चार फोटोंची खरंच काळजी वाटते, त्यांच्यापुरता त्या माणसांना एक साधा फोन करा. बोलणं तुटलेलं नसेल तर बहुतेक जण काढतात.